केतेवान राणीचं हाड आणि "१०० टक्के मॅच"

ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. "जुन्या गोव्यात सापडलेलं हाड जॉर्जियाच्या केतेवान राणीचं हे डीएनएने १०० टक्के सिद्ध झालं, वंशजांशी मॅच झालं, २२ हजार भारतीयांत असा डीएनए नाहीच, आता जुनी कागदपत्रं कशाला हवीत!" हाड तिचं असावं असं मलाही वाटतं, पण ते ठरलं कसं हे या मेसेजमध्ये पार उलटं सांगितलंय, म्हणून एकेक घेते.

आधी "१०० टक्के". हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेतल्या लोकांनी पुरातत्त्व खात्यासोबत हे काम केलं, आणि त्यांनी स्वतः लिहिलंय की हे हाड राणीचं असण्याची शक्यता आहे. शक्यता! त्यांनी जपून वापरलेला शब्द आपण फॉरवर्ड करताना खाऊन टाकला.

"वंशजांशी मॅच" हे तर झालंच नाही. इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरला कार पार्किंगखाली सापडला तेव्हा त्याच्या बहिणीच्या आईकडून-आईकडून चालत आलेल्या वंशातली आजची माणसं शोधली आणि त्यांच्याशी ताडून बघितलं, त्याला मॅच म्हणतात. केतेवानच्या बाबतीत असं नातेवाईक कोणी नव्हतं. हाडातला मायटोकॉन्ड्रियल डीएनए काढला, जो फक्त आईकडून येतो आणि एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात म्हणून गोव्याच्या दमट हवेत एवढी वर्षं टिकायची थोडी तरी आशा असते. तो निघाला यू१बी गटाचा, म्हणजे आईकडून चालत आलेल्या वंशाच्या एका शाखेतला. म्हणजे कळलं काय, तर या बाईच्या आईकडची मुळं कुठली असतील ते. नाव नाही कळत त्यातून. तोच डीएनए तिच्या आईचा, मावशीचा, मावशीच्या मुलीचा, आणि आपल्याला माहीतही नसलेल्या कितीतरी लोकांचा.

२२ हजारांचा आकडा खरा आहे, तेवढ्या भारतीय नमुन्यांत यू१बी सापडला नाही, आणि जॉर्जियातल्या ३० जणांपैकी दोघांत सापडला. पण ३० म्हणजे किती कमी, आणि हा गट जॉर्जियाच्या आजूबाजूलाही आहे. शिवाय जुनं गोवं म्हणजे त्या काळचं मोठं बंदर, इराणकडची, युरोपातली माणसं तिथे राहायची, मरायची, पुरली जायची. त्यामुळे "भारतीय वाटत नाही" आणि "केतेवानच" यात बरंच अंतर आहे.

ते अंतर भरून काढलं कागदाने, म्हणून शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. १६२४ मध्ये इराणचा बादशहा शाह अब्बास याने तिथल्या शिराझला राणीला हाल करून मारलं, ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष १६२७ मध्ये गोव्यात आणले, आणि एका पोर्तुगीज कागदात चक्क जागा लिहून ठेवली होती: त्यांच्या सेंट ऑगस्टिन मठाच्या चॅप्टर चॅपेलमध्ये, एपिस्टलच्या बाजूची, म्हणजे वेदीकडे तोंड केलं की उजवीकडची, दुसरी खिडकी. सेंट ऑगस्टिनला गेलायत ना, तो जांभ्या दगडाचा अर्धा उरलेला मनोरा आणि मागे सगळी पडझड. त्या ढिगाऱ्यात आधी चॅपेल कुठलं ते ठरवायचं, मग भिंत, मग खिडक्या मोजायच्या, दुसरी कुठली ते बघायचं! कितीतरी वर्षं आणि परत परत केलेलं उत्खनन आहे हे. तो कागद नसता तर ते हाड लॅबपर्यंत पोचलंच नसतं, आणि पोचलं असतं तरी कोणाशी ताडायचं होतं?

डीएनएची खरी ताकद कुठे दिसली सांगू? राणीचे म्हणून आणखी दोन अवशेष तपासले होते, त्यांचा डीएनए भारतात मिळणाऱ्या गटांतला निघाला, म्हणजे ते बाजूला काढता आले. "हे तिचं नाही", एवढं डीएनए फार खात्रीने सांगतो.

२०२१ मध्ये अवशेषाचा एक भाग जॉर्जियाला दिला, तिथे ती संत आहे, लोकांनी डोक्यावर घेतलं. त्यांच्यासाठी ते बरोबरच झालं. फक्त मेसेज पुढे पाठवताना "१०० टक्के" काढा आणि ती दुसरी खिडकी टाका.