खुलासा : सलगम चोरल्याबद्दल फाशी नव्हती

‘राणी व्हिक्टोरियाच्या इंग्लंडात शेतमजुराने सलगम किंवा मेंढी चोरली तरी फाशी व्हायची’ हा मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

मेंढीचोरीची फाशी १८३२ मध्येच रद्द झाली. व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ साली. सलगम-बटाट्यांसाठी तर १८६१च्या चोरीविषयक कायद्यात वेगळं कलमच होतं. शेतातलं कंदमूळ चोरलं, तर पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त १ महिना कैद, नाहीतर मालाची किंमत आणि वर २० शिलिंगांपर्यंत दंड. कलम वाचलं की शंका उरत नाही.

म्हणजे सगळं सौम्य होतं, असं मात्र मुळीच नाही. १८५०च्या सुमारास दक्षिण इंग्लंडात मजुराची आठवड्याची कमाई जेमतेम ८-९ शिलिंग. तो दंड भरणार कुठून? शिवाय निवाडा देणारे मॅजिस्ट्रेट बहुधा तिथलेच जमीनदार, नाहीतर पाद्री. १८६२पासून तर चोरट्या शिकारीच्या संशयावरून पोलीस भर रस्त्यात झडती घेऊ शकत. एका सशापायी!

तेव्हा फाशीचा मेसेज कृपया पुढे ढकलू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.