अश्विनशेठ, फाल्गुनराव आणि ‘रंगभक्त’ यांची प्रतिक्रिया

‘रंगभक्त’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

गो. ब. देवलांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ या नाटकातल्या अश्विनशेठवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही प्रतिक्रिया टाकलीत. नाटकात फाल्गुनराव बायकोवर, कृत्तिकेवर, सारखा संशय घेतो; आणि अश्विनशेठने रेवतीला दिलेली तसबीर परक्याच्या हातात दिसल्यावर तोही तिच्यावर संशय घ्यायला लागतो. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी इथे पुन्हा देते: ‘प्रयोग न बघता पुस्तक चाळून लिहिलेला बाळबोध लेख. अश्विनशेठ हा पदं म्हणायला ठेवलेला नायक, त्याच्या विरहात शोधण्यासारखं काही नाही. नाटक फाल्गुनरावाचं आहे. कथानक तर मोलिएरचंच. पण सांगलीकरांना देवल म्हटलं की भान राहत नाही.’

मतभेदाचं मला कधीच वावडं नव्हतं. माझ्या लेखांखाली कडाडून विरोध करणारी माणसं आहेत, त्यातल्या काहींशी आता घरोबा आहे. पण तुमचं पहिलं वाक्य अश्विनशेठबद्दलही नाही आणि माझ्या लेखाबद्दलही नाही. ते माझ्याबद्दल आहे. ज्या बाईला तुम्ही ओळखत नाही, तिने प्रयोग पाहिलेला नाही हे तुम्ही ठरवलंत आणि चारचौघांत लिहूनही टाकलंत. ‘बाळबोध’ हा शब्द तर मला मुळीच पटला नाही. मी तुमच्या घरी येऊन तुमच्याशी अशा भाषेत बोलले असते का? समोर बसून तुम्ही तरी बोलला असतात का?

आता प्रयोगाचं सांगते, कारण तुम्ही विषय काढलाच आहे. माझे वडील नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. शाळेत असल्यापासून मी विंगेत बसून संगीत नाटकं पाहिली. कुठल्या पदाला वन्समोअर येणार हे नटाने पहिला सूर लावला की कळायचं. पुढे आमच्या हौशी मंडळाने संशयकल्लोळ बसवलं आणि मी रेवती केली. म्हणजे अश्विनशेठ मला पुस्तकातून नव्हे, हातभर अंतरावरून भेटला आहे. तोही एक नाही, दोन वेगवेगळे.

पहिले गृहस्थ गळ्याने फार तयार होते. पण अश्विनशेठचा संशयही फाल्गुनरावासारखाच हसवण्यासाठी आहे, असं त्यांनी धरलं होतं. तुमचंही तेच मत दिसतं. तसबीर दुसऱ्याच्या हातात दिसल्यावर ते डोळे वटारायचे, कपाळावर हात मारायचे. प्रेक्षक हसायचे. आणि त्या हशातून मला ‘संशय का मनी आला’ उचलावं लागायचं. ते पद म्हणणारी बाई खरोखर दुखावलेली आहे. पण समोरचा माणूस थट्टा करत असेल तर ती दुखावणार कशाने? पद नीट गायलं तरी रिकामं वाटायचं. तालमीत मी हे बोलून दाखवलं, तेव्हा ‘लोक हसतायत ना, मग झालं’ असं उत्तर मिळालं.

नंतरच्या प्रयोगांना ते आजारी पडले आणि वयाने बरेच मोठे, आवाजाने बेताचे असे एक जण उभे राहिले. त्यांनी एकच केलं. रेवतीवर त्यांचा खरोखर जीव आहे असं धरून ते प्रत्येक वाक्य बोलले. तेच संवाद, तीच पदं, पण नाटक वेगळं झालं. फाल्गुनराव-कृत्तिकेच्या प्रवेशांना हशा दुप्पट यायला लागला, कारण मध्ये लोकांना काळजी वाटायला लागली होती की ही दोघं आता तुटतात की काय. लेखात मी जे लिहिलं, त्यातलं निम्मं मला त्या माणसाने शिकवलं आहे. पुस्तक चाळून हे कळत नाही, हे तुमचं म्हणणं खरं, पण ते मला लागू नाही.

एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करते. या नाटकात हशा फाल्गुनरावाचा आहे. नट गणपतराव बोडसांनी उभा केलेला फाल्गुनराव ही मराठी रंगभूमीची मोठी मिळकत आहे आणि अश्विनशेठच्या वाट्याला तशी दंतकथा आली नाही. मूळ गद्य रूपाच्या नावातही फाल्गुनरावच होता. पण देवलांनी त्याच नाटकाला पदं घातली तेव्हा ती कोणाला दिली? फाल्गुनरावाला नाही. मुख्यतः अश्विनशेठला आणि रेवतीला दिली. 1916 मध्ये बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीने संगीत रूप आणलं तेव्हा नावातून फाल्गुनराव गेला आणि फक्त संशय उरला, चार माणसांत वाटलेला. अश्विनशेठचं ‘मृगनयना रसिक मोहिनी’ हे पद दरबारीत आहे. दरबारीसारखा भारदस्त राग नुसत्या विनोदी प्रेमवेड्याच्या तोंडी कोण देईल?

फाल्गुनरावाला संशयासाठी निमित्त लागत नाही. बायको खिडकीत उभी राहिली तरी पुरे. तसबीर मिळाली नसती तर त्याला दुसरं काही मिळालं असतं. अश्विनशेठचं तसं नाही. त्याने स्वतः प्रेमाने दिलेली तसबीर त्याला परक्या माणसाकडे दिसते. पुरावा चुकीचा आहे, पण पुरावा आहे. आणि जिच्यावर तो जीव टाकून बसला आहे ती नायकिणीची, म्हणजे गाण्याबजावण्यावर जगणाऱ्या बाईची, मुलगी आहे. ‘अशा घरातल्या बाया अशाच’ हे वाक्य त्याच्या आसपासचं जग आधीपासून म्हणतच आहे. इतके दिवस त्याने ते ऐकून सोडून दिलेलं असतं. तसबीर दिसताच तेच वाक्य त्याला खरं वाटायला लागतं. त्याचं दुःख तिथे आहे. ती आपली राहिली नाही, एवढंच दुःख नाही ते. जगाला ती जशी दिसते तशीच ती आपल्यालाही दिसायला लागली, हे त्याला सोसत नाही. मी लेखात याला प्रेमज्वर म्हटलं होतं आणि अजूनही म्हणते. तापात माणूस बरळतो, पण ज्याचं नाव घेऊन बरळतो त्याच्यावर त्याचा जीव असतो.

फ्रेंच नाटककार मोलिएरबद्दल तुम्ही एका वाक्यात निकाल लावलात. 1660 चं ते छोटं फ्रेंच प्रहसन, त्यावरून 1761 मध्ये आर्थर मर्फीने केलेलं इंग्रजी नाटक, आणि तिथून देवल, ही साखळी नाटकाचे अभ्यासक कधीचे सांगत आले आहेत. त्यात उघडकीला आणण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी लेखात लिहिलं नाही. पण मूळ नाटकांतली नायिका चांगल्या घरातली, लग्नाची मुलगी आहे. तिला नायकिणीच्या घरात नेऊन ठेवलं ते देवलांनी. मृच्छकटिक या संस्कृत नाटकातली गणिका वसंतसेना त्यांनीच मराठीत आणली होती, आणि 1899 च्या ‘शारदा’ नाटकात म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीची बाजू घेतली होती. ज्या लेखकाने एवढं केलं त्याने रेवतीला घराबाहेर उभी करून आत बोलावणारा माणूस नुसता गाणी म्हणायला ठेवला असेल, हे मला पटत नाही. उचललेलं काय आणि घडवलेलं काय, हे तपासायची तसदी तुम्ही घेतली असतीत तर तुमचं ते वाक्य तुम्हीच खोडलं असतंत.

सांगलीकरांच्या भानाबद्दल मी काही बोलणार नाही. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, त्यांच्याबद्दल इथल्या माणसाला आपुलकी असणारच, आणि ती लपवायचं मला कारण दिसत नाही. मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक, सीतास्वयंवर, विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथेच, सांगलीत, उभं केलं. मात्र आपुलकी आहे म्हणून माझं वाचन खोटं ठरत नाही. खोटं असेल तर नाटकातून दाखवून द्या.

ते तुम्ही केलेलं नाही. पाच वाक्यांत एकही प्रवेश नाही, एकही संवाद नाही. फाल्गुनरावाच्या बाजूने तुम्हाला खरोखर लिहायचं असेल तर लिहा. कृत्तिकेशी त्याच्या भांडणातला कुठलाही एक प्रवेश घ्या आणि अश्विनशेठ नसता तरी तो तसाच उभा राहिला असता, हे दाखवा. हवं तेवढं मोठं लिहा, मी एक शब्द न कापता छापेन. पण मी काय पाहिलं आणि काय नाही, हे मला विचारल्याशिवाय पुन्हा लिहू नका. तशी प्रतिक्रिया आली तर मी ती काढून टाकेन आणि त्याचं कारण देणार नाही.