साधी लेन्स दहा वर्षांत खराब होत नाही

‘मोतीबिंदूची साधी लेन्स दहा वर्षांत खराब होते आणि मोतीबिंदू परत येतो, म्हणून मल्टिफोकलच घ्या’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

लेन्स आयुष्यभरासाठी बसवतात आणि काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागतं, ते बहुतेकदा लेन्समागची नैसर्गिक पिशवी गढूळ झाल्यामुळे. महागड्या लेन्समागेही हे होतं. याग लेसरने काही मिनिटांत पिशवीच्या मध्यभागी छिद्र पाडतात. लेन्स बदलावी लागत नाही.

मल्टिफोकल लेन्स प्रकाश दूर आणि जवळ असा वाटून देते. चष्म्याची गरज कमी होते, पण काँट्रास्ट (फिक्या-गडद छटांमधला फरक ओळखणं) घटतो आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. मधुमेहाने दृष्टिपटल बिघडलं असेल किंवा काचबिंदू वाढलेला असेल, तर ती सहसा टाळावी. रात्री गाडी चालवणाऱ्यांनीही घाई करू नये. साध्या म्हणजे मोनोफोकल लेन्सने दूरचं स्वच्छ दिसतं, वाचायला चष्मा लागतो. आमच्या मते बहुतेकांना ती पुरेशी आहे.

किमतीपेक्षा लेन्सची पॉवर ठरवण्यासाठी केलेलं डोळ्याचं मोजमाप महत्त्वाचं. डोळ्याची लांबी 1 मिमीने चुकली, तर नंबर सुमारे 2.5 ते 3 ने चुकतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर मोजणीआधी किती दिवस बंद ठेवायची ते विचारा. पूर्वी लॅसिक (चष्म्याचा नंबर घालवायची लेसर शस्त्रक्रिया) झालं असेल तर आवर्जून सांगा, कारण पॉवर काढायचं नेहमीचं सूत्र तिथे फसतं. लेन्सचं मॉडेल, पॉवर आणि अनुक्रमांक असलेलं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या.