पारा फुटत नाही, पण भांडं?

द्रव धातूंवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. पाण्याला शिवताच पेटणारं सोडियम उष्णता वाहून नेण्यासाठी अणुभट्टीत फिरवणं म्हणजे आगीशी खेळ, त्यापेक्षा शिसं वापरा, हा एक. आणि ‘टार्गेट द्रव धातूचं असलं की तडे जाण्याची कटकटच संपते’ हे माझं वाक्य (टार्गेट म्हणजे न्यूट्रॉन मिळवण्यासाठी ज्यावर प्रोटॉनांचा झोत मारतात ते) निव्वळ थाप आहे, हा दुसरा. दुसरा मान्य, म्हणून आधी तोच घेतो.

टार्गेट पाऱ्याचं असलं तर पारा फुटत नाही, पण तो पोलादी भांड्यात असतो आणि त्या भांड्याचा मी विचारच केला नव्हता. अमेरिकेत ओक रिजच्या न्यूट्रॉन स्रोतात प्रोटॉनांचा झोत सेकंदाला 60 वेळा पाऱ्यावर आदळतो, दर खेपेला मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळ. पारा तापतो, पण प्रसरण पावायला सवडच मिळत नाही. दाबाची लाट उठते, भिंतीवरून परतते, पारा ताणला जातो आणि त्यात सूक्ष्म पोकळ्या होतात. त्या पोलादालगत मिटल्या की टाचणी टोचल्यागत खड्डा पडतो. असे खड्डे पडत पडत भिंत झिजते आणि अख्खं भांडं बदलावं लागतं. आतला सुमारे 20 टन पारा मात्र तोच राहतो. आता पाऱ्यात हेलियमचे बारीक बुडबुडे सोडतात. ते उशीसारखे दबतात आणि भिंतीला मार कमी बसतो. (मला हा उपाय फार आवडतो.) स्वित्झर्लंडमध्ये 2006 साली मेगापाय प्रयोगातलं शिसे-बिस्मथचं टार्गेट सुमारे चार महिने नीट चाललं, पण तिथला झोत सलग होता, हे ठोके नव्हतेच. त्याच्या जोरावर मी सरसकट विधान ठोकून दिलं.

सोडियमबाबत मात्र मी मागे हटत नाही. तुम्ही दाखला दिलात जपानच्या मोंजू या सोडियमच्या अणुभट्टीचा. डिसेंबर 1995 मध्ये तिथे तापमापकाची नळी प्रवाहात थरथरून तुटली, शेकडो किलो सोडियम सांडलं, पेटलं. पण ते दुय्यम परिपथातलं, म्हणजे इंधनाजवळून न जाणाऱ्या वेगळ्या फेऱ्यातलं, किरणोत्सारी नसलेलं सोडियम होतं. लोकांचा विश्वास उडाला तो चालकांनी गळतीच्या चित्रफितीतला भाग दडवल्यामुळे. दुसरी बाजूही पाहा. पाण्याच्या बहुतेक अणुभट्ट्यांत पाणी उकळू नये म्हणून सुमारे 150 वातावरणांइतका दाब ठेवावा लागतो. सोडियम उकळतं 883 अंशांना आणि काम करतं 550 च्या आसपास, त्यामुळे दाबाची गरजच नाही. एप्रिल 1986 मध्ये अमेरिकेत आयडाहोतल्या ईबीआर-2 या सोडियमच्या अणुभट्टीत पूर्ण शक्तीवर असताना मुद्दाम पंप बंद केले आणि अणुभट्टी थांबवणारे नियंत्रक दांडे आत सोडलेच नाहीत. तापमान चढलं, आणि अणुभट्टी आपोआप शांत झाली.

माझी सोडियमवरची तक्रार वेगळीच आहे: आरपार दिसत नाही. पाण्याखालचं इंधन डोळ्यांनी पाहता येतं, सोडियममध्ये अल्ट्रासाउंडने चाचपडावं लागतं. जपानच्याच जोयो या सोडियमच्या अणुभट्टीत 2007 साली एक प्रयोगसंच आत वाकून अडकला; दुरुस्तीत काही वर्षं गेली.

राहिलं तुमचं शिसं. ते पेटत नाही, कबूल. पण 327 अंशांखाली गोठतं. बिस्मथ मिसळलं की हा आकडा 125 वर येतो, तरी सोव्हिएत पाणबुड्यांच्या अणुभट्ट्या धक्क्याला लागल्यावरही बाहेरून वाफ देऊन गरम ठेवाव्या लागत. शिवाय बिस्मथवर न्यूट्रॉन पडले की पोलोनियम-210 हे घातक किरणोत्सारी द्रव्य तयार होतं, अर्धायु 138 दिवस. गळती झाली तर साफसफाईला जाणाऱ्याला कुठलं सांडलेलं परवडेल, सोडियम की हे, ते तुम्हीच सांगा. माझं ते वाक्य आज लेखातून काढलं आहे.