संत्र्याच्या सालीतही केमिकलच असतं नं ताई? : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमची कमेंट तीन-चार वेळा वाचली, उत्तर द्यायला उशीर झाला त्याबद्दल माफ करा. कूलरमध्ये टाकायचं सेंट, वासाचं फिनेल, डिओ, रूम फ्रेशनर यांच्यातल्या रसायनांच्या धोक्यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं असं की पाणीसुद्धा केमिकलच आहे, विष हे मात्रेवर ठरतं, ज्या लिमोनीनला, म्हणजे संत्र्या-लिंबाचा वास देणाऱ्या रसायनाला, मी नावं ठेवून राहिली ते आपल्या नागपुरी संत्र्याच्या सालीत ठासून भरलेलं असतं मग संत्री खाणं सोडायचं का, आणि तुमच्या आजीने रोज दोन वेळ उदबत्ती लावली तरी नव्वदी पार केली. म्हणून लोकांना घाबरवणं बंद करा, असं तुम्ही लिहिलं.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करते. थॅलेट्स, म्हणजे सेंट टिकवायला नाहीतर प्लास्टिक मऊ करायला वापरतात ती रसायनं, त्यांच्याबद्दल मी सरसकट लिहून टाकलं की त्याने वंध्यत्व येतं, ते चुकलंच. सगळे थॅलेट सारखे नाहीत. सेंट टिकावं म्हणून डायइथाइल थॅलेट वापरतात ते वेगळं, आणि युरोपने सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातलेले डीबीपी, डीईएचपी वेगळे. अमेरिकेतल्या संशोधक शॅना स्वान यांचा २००५ चा अभ्यास गरोदर बायांच्या लघवीतले थॅलेट आणि त्यांच्या मुलग्यांच्या जननेंद्रियांच्या वाढीतला फरक यांचा संबंध दाखवतो, पण संबंध दिसणं म्हणजे कारण सिद्ध होणं नाही. ते वाक्य मी लेखात बदललं आहे.

आता संत्र्याचं. लहानपणी आपण सगळ्यांनीच दिव्याच्या ज्योतीजवळ संत्र्याची साल दाबून फुलझडी उडवली आहे, तो जो बारीक फवारा पेट घेतो त्यात मुख्य लिमोनीनच असतं, त्यामुळे त्याला विष कोणी म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. गोष्ट अशी आहे की लिमोनीन हवेतल्या ओझोन वायूला भेटलं की त्यातून फॉर्मल्डिहाइड नावाचा झोंबणारा वायू आणि अतिशय बारीक कण तयार होतात. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत टाकलं. जमिनीलगतचा ओझोन उन्हात तयार होतो, दुपारी वाढतो, आणि नागपूरच्या मे महिन्याचं ऊन मी तुम्हाला काय सांगू. एक संत्रं सोलायला दोन मिनिटं लागतात. लिंबाच्या नाहीतर संत्र्याच्या वासाच्या क्लीनरने अख्खं घर पुसलं की सगळी फरशी तास-दीड तास ते सोडत राहते, आणि उकाड्यात ते अजून भराभर उडतं. वरून कूलरच्या टाकीत सेंटचं झाकणभर ओतलं की तेच पाणी रात्रभर ताट्यांवरून फिरत राहतं नं, झोपलेल्या माणसाच्या तोंडावर सरळ. कूलर बाहेरची हवा आत ओढतो त्यामुळे खिडकी उघडी असेल तर बरंच बाहेर निघून जातं हे खरं, पण लू लागते म्हणून आपण दारं-खिडक्या लावूनच घेतो की नाही? तुम्हाला वासच हवा असेल तर खऱ्या वाळ्याच्या ताट्या लावा, पाणी पडलं की त्या आपोआप वास देतात.

मात्रेचा मुद्दा तुमचा सगळ्यात मोठा आणि मला तो पटतोच. पण मात्रा ठरवायला आधी काय आहे ते माहीत पाहिजे. इथे आमच्या घरचं सांगते, कारण मी या विषयाकडे वळली तीच त्यामुळे.

सासूबाईंच्या बोटांना दोन वर्षं भेगा होत्या. थंडीत संत्री आली की त्या ताटात घेऊन बसायच्या पण सोलायच्या नाहीत, रस भेगांत गेला की डोळ्यांत पाणी यायचं. मलमं झाली, घरगुती उपाय झाले, शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली. पाठीवर छोट्या चकत्यांच्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवस पाठ ओली करायची नाही, मग पट्ट्या काढून बघतात आणि चौथ्या दिवशी परत बघतात. बाकी सगळ्या जागा साफ होत्या, एकच जागा लालभडक, फुगलेली, खाज सुटलेली. ती होती फ्रॅग्रन्स मिक्सची, म्हणजे आठ नेहमीच्या सुगंधी पदार्थांचं मिश्रण, त्यात लवंगेतलं युजेनॉल येतं, दालचिनीतलं सिनॅमल येतं. डॉक्टर म्हणाले, आता हे कशात आहे ते शोधून टाळा.

त्या संध्याकाळी आम्ही घरातल्या सगळ्या बाटल्या डायनिंग टेबलवर मांडल्या. हँडवॉश, भांड्याचं लिक्विड, पावडर, कपड्यांचं सॉफ्टनर, हँड क्रीम. मी चष्मा लावून वाचत होती, सासूबाई कागदावर लिहून घेत होत्या. क्रीमवर, पावडरवर एकच शब्द, परफ्यूम. भांड्याच्या लिक्विडवर तर पूर्ण यादीच नाही. सासूबाईंनी पेन ठेवून दिला आणि म्हणाल्या, यातलं काय लिहू गं? भाऊ, त्या एका शब्दामागे डझनभर रसायनं असू शकतात आणि त्यातलं कोणतं किती हे विकत घेणाऱ्याला कुठेच दिसत नाही. अमेरिकेत संशोधक अॅन स्टाइनमन यांनी २५ सुगंधी वस्तू तपासल्या तर त्यांतून १३३ वेगवेगळी उडणारी रसायनं निघाली आणि लेबलांवर त्यातलं फक्त एक लिहिलेलं होतं. ग्रीन, नॅचरल लिहिलेल्या वस्तूही त्यात होत्या, त्यांतून घातक रसायनं काही कमी निघाली नाहीत. मग मात्रा कमी आहे हे तुम्ही कशावरून म्हणता आणि जास्त आहे हे मी कशावरून म्हणू, दोघांनाही बाटलीने काहीच सांगितलेलं नाही. आणि अॅलर्जी एकदा बसली की नेहमीच्या माणसाला चालणारी मात्रा त्या माणसाला चालत नाही, बारीकशी पुरते.

युरोपात २६ सुगंधी अॅलर्जन, म्हणजे अॅलर्जी आणणारे पदार्थ, ठराविक प्रमाणाच्या वर असले की नावानिशी छापावे लागायचे, २०२३ च्या नियमाने ती यादी ८० च्या वर नेली. लिलियल नावाचा फुलांच्या वासाचा पदार्थ शाम्पूपासून डिटर्जंटपर्यंत वर्षानुवर्षं होता, प्रजननाला घातक ठरला म्हणून मार्च २०२२ पासून तिथे सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी आहे. आपल्याकडेही निदान नावं तरी छापा, माझी मागणी एवढीच आहे. हे घाबरवणं नाही हो.

आजींचं वाचून खरंच छान वाटलं. पण त्यांच्या घरातला वास तेवढाच होता नं, एक उदबत्ती, आणि घराला अंगण. आजची मुलगी सकाळी घरून निघते तोवर साबण, शाम्पू, डिओ, सॉफ्टनर, बाथरूममधली वडी, गाडीतलं परफ्यूम असं सगळं तिच्या अंगावर आणि नाकात गेलेलं असतं. देवापुढची उदबत्ती बंद करा असं मी कोणालाही म्हणणार नाही, खिडकी उघडून लावा आणि बाळाच्या खोलीत नको, एवढंच. डासांच्या कॉइलचं मात्र मी ठामपणे सांगते. एक कॉइल जळते तेव्हा ७५ ते १३७ सिगरेटींइतके बारीक कण सोडते असं २००३ च्या एका अभ्यासात निघालं होतं, त्यापेक्षा मच्छरदाणी लावा.

आणि डांबर गोळ्या. बाळाचे ठेवणीतले कपडे त्यांतून काढून सरळ अंगात घालू नका. त्यातलं नॅफ्थलीन जी-सिक्स-पीडीची, म्हणजे लाल पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची, कमतरता असलेल्या बाळाच्या लाल पेशी फोडतं, कावीळ वाढते, आणि ही कमतरता बऱ्याच घरांत कोणाला माहीतही नसते. कपडे धुवा, उन्हात टाका, मग घाला. नैसर्गिक म्हणून कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधतात तेही नको, कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात.

तुमच्या कमेंटचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. तुम्ही सहज लिहून गेले की फ्रेशनर मारला की आमची मुलगी दोन-दोन तास खोकते, पण ती लहानपणापासून नाजूकच आहे. भाऊ, ती नाजूक आहे असं धरून बसू नका. सुगंधी स्प्रेने दम्याचा त्रास उठतो हे डॉक्टर रोज बघतात. एक करा, पंधरा दिवस फ्रेशनर, कूलरचं सेंट आणि वासाचं फिनेल पूर्ण बंद ठेवा, फरशी साध्या पाण्याने आणि वास नसलेल्या साबणाने पुसा. घेताना फ्रॅग्रन्स फ्री लिहिलेलं घ्या, नुसतं अनसेंटेड लिहिलेल्यात कधीकधी वास दाबायला दुसरं सेंट टाकलेलं असतं. तिचा खोकला कधी येतो, रात्री येतो का, छातीत शिट्टी वाजते का, हे रोज वहीत लिहा. शिट्टी वाजत असेल तर पंधरा दिवस थांबू नका, आधीच छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि ती वही सोबत न्या. काय झालं ते इथेच कळवा, मी वाट बघते.