इमगा, मार्क आणि सुकटीचा डबा

लांब पोस्ट आहे. गेममध्ये रस नसेल तर सुकटीसाठी तरी वाचा.

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महायुद्ध झालं. आम्ही घोडबंदर रोडला, येऊरच्या पायथ्याशी राहतो. 'जंगलाला लागून घर' म्हणून जादा पैसे मोजून फ्लॅट घेतलेले सगळे, आणि जंगल घरात आलं की बिल्डरला, वॉचमनला आणि वनखात्याला शिव्या. यावेळी सी विंगच्या चौथ्या मजल्यावरून माकडांची एक टोळी पावाची लादी आणि बाळाचं सेरेलॅक घेऊन गेली. मग नेहमीचं सुरू झालं, फटाके लावा, बेचकी आणा, पिंजरा लावा. त्यात एका काकांनी मुद्दा काढला की ग्रुपवर सगळे 'वानर' लिहितायत ते चूक आहे, लालतोंडं ते माकड आणि काळतोंडं शेपटीवालं ते वानर, आणि वानराला मारायचं नसतं. त्यावर कोणीतरी लिहिलं, 'अंकल, व्हॉटएव्हर, दे आर अॅनिमल्स.' लिहिणारा सातारचा आहे, मी त्याला ओळखतो. ग्रुपवर तो मराठीत एक अक्षर लिहीत नाही.

ते वाचलं आणि मला इमगा आठवले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. 'द एल्डर स्क्रोल्स' नावाची एक गेमची मालिका आहे. पहिला गेम 1994 चा, 'अरीना'. मग 'डॅगरफॉल', 'मॉरोविंड', 'ऑब्लिव्हियन', आणि 2011 चा 'स्कायरिम', जो गेम न खेळणाऱ्यांनीही ऐकलेला असतो. तलवारी, जादू, ड्रॅगन हे सगळं त्यात आहेच, पण माझ्यासारख्यांना वेड लागतं ते त्यातल्या पुस्तकांचं. गेममध्ये कपाटं उघडा, पुस्तकं निघतात, आणि ती एकमेकांना खोडून काढतात. एक इतिहासकार म्हणतो अमुक झालं, दुसरा म्हणतो नकलनवीसाची चूक होती, असं काही घडलंच नाही. आपल्याकडच्या बखरींसारखंच.

तर या जगात व्हॅलेनवूड नावाचं जंगल आहे. तिथे मुख्य वस्ती वुड एल्फ लोकांची (एल्फ म्हणजे टोकदार कानांचे, माणसासारखे दिसणारे लोक). त्याच जंगलात इमगा राहतात. इमगा म्हणजे महाकपी, बोलणारे, विचार करणारे, समाज करून राहणारे. त्यांची माहिती येते याच मालिकेतल्या 1998 च्या 'रेडगार्ड' या गेमसोबत दिलेल्या साम्राज्याच्या एका छोट्या मार्गदर्शक पुस्तिकेत. जेमतेम एक परिच्छेद. पण काय परिच्छेद आहे!

इमगा लोकांना हाय एल्फ म्हणजे साक्षात देवमाणसं वाटतात. हाय एल्फ उंच, गोरे-सोनेरी, समुद्रापलीकडच्या बेटांवरचे, स्वतःला जगातले एकमेव सुसंस्कृत समजणारे. इमगा त्यांची सहीसही नक्कल करतात. प्रत्येक जण स्वतःला कुठलातरी बॅरन, ड्यूक नाहीतर अर्ल म्हणवतो आणि संधी मिळेल तिथे ती पदवी लावतो. अंगावर झूल, हातात तलवार. उच्चार अगदी अचूक व्हावेत म्हणून धडपड. मुळात अंगावर काळे दाट केस, तर ते भादरून वर पांढरीशुभ्र पावडर थापायची. आणि माणसं आसपास असली की त्यांचा वास येतो म्हणून झुलीचं टोक नाकाला लावायचं.

मराठीत याला 'नाकाला पदर लावणे' म्हणतात. मेरीलँडमध्ये बसून गेम लिहिणाऱ्यांना हा वाक्प्रचार कोणी सांगितला, देव जाणे.

नेटवर या परिच्छेदावर खूप विनोद आहेत. पावडर लावलेली माकडं, झूल घातलेला ड्यूक, वगैरे. माझं म्हणणं असं आहे की यात हसण्यासारखं काही नाही, किंवा हसायचं असेल तर आधी आरसा आणा.

मी 2008 साली ऐरोलीला एका कॉल सेंटरमध्ये होतो. नाव सांगत नाही, तशी बरीच होती. संध्याकाळी साडेसहाला लॉगिन, पहाटे साडेतीनला सुटका, मग सुमोत आठ जण कोंबून कळवामार्गे ठाणे. पहिला महिनाभर ट्रेनिंग. त्यात पहिल्याच दिवशी नाव बदललं. मी 'मार्क' झालो. माझ्या शेजारी बसणारा घणसोली गावातला आगरी पोरगा 'स्टीव्ह' झाला. त्याचं खरं नाव इथे लिहीत नाही, त्याला मी आजही स्टीव्हच म्हणतो.

ट्रेनिंगमध्ये तोंडासमोर कागदाचा कपटा धरायचा आणि 'पेपर' म्हणायचं. कागद हलला पाहिजे. आपला 'प' म्हणताना हवा बाहेर येत नाही, त्यांच्या 'प'ला येते. वीस-बावीस वर्षांची पंचवीस पोरं ओळीत बसून कागदाला पेपर पेपर म्हणतायत, हे दृश्य बाहेरून कोणी पाहिलं असतं तर काय वाटलं असतं? पण आम्हाला त्यात अजिबात कमीपणा वाटला नाही. ज्याचा कागद हलायचा तो ऐटीत बघायचा. 'व' हा आणखी एक छळ. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' यांत फरक न करणाऱ्याला शुक्रवारी सगळ्यांसमोर उभं करायचे. इमगांची ती उच्चारांची धडपड वाचली तेव्हा मला पहिल्यांदा तो कागदाचा कपटा दिसला.

आता सुकट.

स्टीव्हची आई डबा द्यायची. तांदळाची भाकरी आणि एक दिवस आड सुकट, नाहीतर सुका बोंबील. एका रात्री त्याने पँट्रीतल्या मायक्रोवेव्हमध्ये डबा गरम केला. वास फ्लोअरपर्यंत आला. आमच्या टीम लीडने (मूळचा डोंबिवलीचा, फ्लोअरवर 'रायन') सगळ्यांना मेल टाकला, उग्र वासाचे पदार्थ आणू नयेत, ऑफिसचं वातावरण प्रोफेशनल ठेवावं. त्यात नाव नव्हतं, पण सगळ्यांनी स्टीव्हकडेच पाहिलं. मी शर्टाची कॉलर वर करून नाकाला लावली आणि पलीकडच्या मुलीकडे बघून हसलो.

माझ्या घरी सुकट होत नव्हतं असं समजू नका. व्हायचं. आई जवळा कांद्यावर परतायची तेव्हा मी डबल भाकरी खायचो. कॉलर नाकाला लावणारा मार्क होता. मार्कच्या घरी सुकट होत नसावं.

स्टीव्हने त्यानंतर डबा आणला नाही. कँटीनचं सँडविच खायला लागला. आणि जिथे हे घडलं ती जागा कुठली? ठाणे खाडीच्या काठची ती सगळी पट्टी, जिथे त्याच्या लोकांची भातशेती होती, मिठागरं होती, मासेमारी होती. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के भूखंडाचे कागद घेऊन त्याचे वडील खेपा घालायचे तेव्हा. म्हणजे ज्यांच्या अंगणात आम्ही काचेची इमारत बांधून बसलो, त्यांच्याच जेवणाला आम्ही नाक मुरडत होतो, आणि तेही ओहायोतल्या एका म्हातारीला वास जाऊ नये म्हणून. फोनवरून वास जात नाही हेसुद्धा कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता गेमकडे येतो, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

इमगांवरचा तो परिच्छेद लिहिला कोणी? गेमच्या जगात ती पुस्तिका साम्राज्याची आहे. साम्राज्य माणसांचं. म्हणजे इमगा ज्यांना बघून नाकाला झूल लावतात, त्याच लोकांनी इमगांची नोंद केली. मग ती नोंद कशी असणार? जिंकलेल्या मुलखाच्या गॅझेटियरमध्ये साहेब जसं लिहायचा तशीच. इथले लोक आळशी, अमुक जात भांडकुदळ, तमुक जात नक्कल करण्यात पटाईत. साहेबाने रावसाहेब, रावबहादूर या पदव्याही वाटल्या, आणि पदवी लावून फिरणाऱ्याला क्लबात बसून हसलाही. माझ्या पणजोबांच्या एका भावाला रावसाहेबकी हवी होती, मिळाली नाही, तरी पत्रांच्या पाकिटावर ते स्वतःच रावसाहेब लिहायचे. घरात त्याची अजून थट्टा होते. मला आता ती करवत नाही. माणूस उगाच पावडर लावत नाही. ज्या दुनियेत काळ्या केसांना किंमत नाही, तिथे तो पावडर लावतो. ती दुनिया बनवणाऱ्यावर विनोद का नाहीत?

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी खालच्या मानल्या गेलेल्या जाती वरच्यांच्या चालीरीती उचलतात त्याला संस्कृतीकरण म्हटलं. त्यात त्यांना कळलं होतं की ही नुसती नक्कल नसते, ती वर चढायची शिडी असते. फक्त शिडी धरणारा वर उभा असतो आणि तो ती केव्हाही हलवू शकतो, हे ज्याने कागदाचा कपटा हलवलाय त्याला सांगावं लागत नाही.

आणि इमगांच्या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे, जी विनोद करणारे विसरतात. याच इमगांत एक मारुख नावाचा संदेष्टा झाला. (नाव मारुतीच्या जवळ जातं, उगाच काही जोडू नका.) या मारुखच्या शिकवणीतून माणसांच्या साम्राज्यात अॅलेशियन ऑर्डर नावाचा कडवा पंथ उभा राहिला. सत्त्याहत्तर न वाकणारे सिद्धान्त. त्याचा गाभा काय, तर एल्फद्वेष. त्याच्याच अनुयायांतल्या एका टोळीने पुढे काळाच्या देवतेतून एल्फांचा अंश खरवडून काढायचा विधी केला आणि काळच तुटला. 1008 वर्षं कोणाचा हिशेब कोणाशी लागेना. (एक पुस्तक म्हणतं हे झालंच नाही, तारखांचा घोळ होता. सांगितलं ना, बखरी.)

विचार करा. ज्या जमातीत प्रत्येक जण एल्फ व्हायला पावडर थापतो, तिथेच देवातूनही एल्फ पुसून टाका म्हणणारा निपजतो. लोकांना हा विरोधाभास वाटतो. मला वाटत नाही. आमचा रायन नोकरी सोडल्यावर दोन वर्षांत असा काही स्वाभिमानी झाला की फेसबुकवर रोज इंग्रजी पाट्यांचे फोटो. चांगलंय. मराठी पाट्या मलाही हव्यात. पण त्याच्या पोस्ट वाचल्या की वाटतं, हा अजूनही साहेबाकडेच बघतोय. आधी हसून बघायचा, आता डोळे वटारून बघतो. घरात जवळा शिजतोय की नाही याच्याशी त्याला तेव्हाही घेणं नव्हतं, आताही नाही.

म्हणून माझी तक्रार गेमवाल्यांकडे आहे. 'मॉरोविंड'पासून 'स्कायरिम'पर्यंत खेळायला दहा वंश दिले. त्यात मांजरमाणसं आहेत, सरडेमाणसं आहेत. कपी नाही. 2014 च्या ऑनलाइन गेममध्ये व्हॅलेनवूडभर फिरता येतं, मी फिरलोय, रात्रीच्या रात्री घातल्यात. मला बोलणारा एकही इमगा भेटला नाही. मांजरमाणसाला स्वतःची पुराणं आहेत, चंद्र आहेत, बोलण्याची ढब आहे. इमगाकडे काय? दुसऱ्याने लिहिलेला एक परिच्छेद. आणि मारुख, ज्याचं नाव सगळे घेतात पण ज्याच्या लोकांशी कोणाला बोलायचं नाही. गेममधल्या माकडांचं नशीबच असं. 1981 चा 'डाँकी काँग' पिंपं फेकत होता, तेव्हापासून एकतर ती फेकतात नाहीतर केळी खातात. इमगांना निदान विचार करता येत होता.

सहाव्या भागाचं 2018 साली अर्ध्या मिनिटाचं टीझर दाखवलं, डोंगर आणि ढग. त्यात मला ड्रॅगन नको. मला एक इमगा हवाय. रात्री मेजवानी आटोपून घरी आलेला, झूल खुंटीला टांगलेला, ओल्या फडक्याने पावडर पुसत बसलेला. त्याच्याशी बोलण्याचे तीन पर्याय द्या, बास. ड्यूक म्हणून हाक मारली तर काय म्हणतो, आणि खऱ्या नावाने मारली तर काय म्हणतो, एवढंच बघायचंय.

स्टीव्हचा आता घणसोलीत केटरिंगचा धंदा आहे, आगरी जेवण. हळदी-लग्नांच्या सीझनमध्ये फोन उचलत नाही. परवा त्याला हे सगळं व्हॉइस नोटवर सांगितलं, सहा मिनिटांची झाली, कॉलरचंही सांगितलं, सतरा वर्षांनी. रात्री अकराला रिप्लाय आला.

"मंग तुजा इमगा सुकट खातो का रं?"