चूलबंद आवतण की पानावर?

लातूरच्या अडत्याला सोयाबीनचा भाव करायला मूठभर दाणे पुरतात. डेटाबेसचं दरपत्रक उलगडायला मला दोन चहा, कॅल्क्युलेटर आणि घरात शांतता लागते. तिसरी वस्तू काही मिळत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर 2022 या डेटाबेसची स्टँडर्ड आवृत्ती घ्या. ते दोन रीतींनी विकतात: पानावर किंवा चूलबंद. पानावर म्हणजे सर्व्हरचे 989 डॉलर आणि माणशी 230 डॉलरचं 'कॅल', म्हणजे वापरायचा परवाना. चूलबंदात माणसं कितीही येवोत, कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले आकडेमोड करणारे भाग, मोजायचे; दोन कोअरचा गठ्ठा 3,945 ला, आणि प्रोसेसरमागे किमान चार कोअर घ्यावेच लागतात. झाले 7,890. आता तीस माणसं पानावर बसवा: 989 अधिक 6,900, म्हणजे 7,889. एका डॉलरचा फरक! एकतिसावा आला की चूलबंद स्वस्त. मशीन आठ कोअरचं असेल तर मात्र चौसष्ट माणसांपर्यंत पानंच परवडतात. म्हणून मशीन आणण्याआधी कोअर मोजावेत.

"सगळे एकाच लॉगिननं शिरतील, एकच कॅल घेऊ," ही युक्ती हमखास निघते. चालत नाही. एका ताटात चार पोरं जेवली तरी पानं चारच धरतात. पण वजनकाट्याच्या एकाच कॉम्प्युटरवर तीन पाळ्यांत तीन मुनीम बसत असतील, तर कॅल माणसाचं न घेता यंत्राचं घ्यावं. 460 डॉलर वाचतात.

याच सर्व्हरची फुकटातली आवृत्ती, एक्सप्रेस, छोट्या अडतीला भरपूर. 2022 च्या एक्सप्रेसला मर्यादा डेटाबेसमागे 10 जीबी. बदलांची नोंद ठेवणारी लॉग फाइल त्यात धरत नाहीत. पण पट्ट्यांचे फोटो डेटाबेसातच कोंबले, की ऐन दिवाळीच्या आवकेत नवी पट्टी चढत नाही. फोटो फोल्डरात ठेवा, डेटाबेसात नुसता त्यांचा पत्ता. यात ठरल्या वेळी कामं करणारा एजंट नसतो, तेव्हा रात्रीचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्यूलरला लावा.

ओरॅकल कंपनीच्या एंटरप्रायझ या बड्या डेटाबेसकडे लांबूनच बघावं: प्रोसेसरला 47,500 डॉलर. इंटेलचे दोन कोअर मिळून एक प्रोसेसर धरतात, हीच काय ती दया. वर सपोर्टचे दरसाल 22 टक्के. सावकाराचं व्याज निदान मुद्दल फिटल्यावर थांबतं.

एवढं मांडून, तीस कॅलांवर बोट ठेवून मान वर करावी, तर शेटजी विचारणार, "अन् मला कशाला मोजायलाव? मी तर नुसतं मोबाइलवर बघतो."

एकतीस.